तूर, वूव्रे आणि उमरावती

फ्रान्समध्ये तूर नावाचं एक गाव आहे. शहरच म्हणा. म्हणजे इंग्रजीत त्याचं स्पेलिंग भलतंच आहे, पण फ्रेंच लोक त्याला चक्क 'तूर' म्हणतात. मी हे घरी सांगितलं तेव्हा अकोल्याच्या मामांचा पहिला प्रश्न होता, "मंग तिथं दाल मिल किती हायेत?"

दाल मिल नाहीत, मामा. पण तूरच्या जवळच, ल्वार नदीच्या उत्तर काठावर, वूव्रे नावाचं एक लहानसं गाव आहे आणि तिथली पांढरी वाईन जगभर जाते. ऑफिसातला एक मित्र तिकडे ट्रेनिंगला गेला होता, त्याने येताना एक बाटली आणली. बाटलीपेक्षा मला तिच्या मागच्या गोष्टीचं जास्त वेड लागलं, आणि वाचता वाचता ही गोष्ट मला दर चार पानांनी अमरावतीला आणून सोडायला लागली. म्हणून हा लेख. (आत्या, तुम्ही वाचत असाल तर शेवटपर्यंत वाचा. गाडगेबाबाही यात आहेत.)

आधी वाईनबद्दल. वूव्रे ज्या द्राक्षाची करतात त्याचं नाव शेनँ ब्लाँ. आपल्याकडे दुकानदार 'चेनिन ब्लांक' म्हणतो, त्यालाही हरकत नाही. हे द्राक्ष ल्वारच्या खोऱ्यातलंच, आंजू आणि तूरेन या दोन जुन्या प्रांतांतलं. राब्लेने १५३४ च्या सुमारास जे 'गार्गांत्युआ' लिहिलं त्यात याचं नाव येतं. राब्ले त्याच मुलखातला, म्हणजे गाववाल्याने गाववाल्याचं नाव घेतलं इतकंच. या द्राक्षाचा स्वभाव आंबट. नुसतं आंबट नाही, पिकून गोड झालं तरी आतला आंबटपणा सोडत नाही. आणि एका घडातले सगळे मणी एकदम पिकत नाहीत, त्यामुळे चांगला बागाईतदार एकाच वेलीवर दोनदा-तीनदा तोडा करतो. आपली कापसाची वेचणी कशी, पहिला वेचा, दुसरा वेचा, फरदड, तसंच.

या आंबटपणामुळे एकाच द्राक्षातून कोरडी, अर्धगोड, पूर्ण गोड आणि फसफसणारी अशा चारी तऱ्हा निघतात. थंडी लवकर आली तर कोरडी करायची, ऑक्टोबर उन्हाचा निघाला तर गोड. कधीकधी धुकं आणि ऊन यांचा मेळ असा जमतो की मण्यांवर एक बुरशी येते, मणी सुरकुततात, रस दाट होतो आणि त्या 'सडक्या' द्राक्षांची वाईन सगळ्यात महाग विकली जाते! गोडी आणि आंबटपणा दोन्ही भरपूर असल्याने ती टिकतेही फार. १९२१ आणि १९४७ सालच्या गोड वूव्रे अजून लोक उघडतात आणि पितात.

गाव चुनखडीच्या टेकडीवर आहे. तो मऊ, पिवळट दगड कोरून राजवाडे बांधले आणि दगड काढून झालेल्या पोकळीत लोकांनी घरं आणि तळघरं केली. वाईन तिथेच मुरते. उन्हाळा असो हिवाळा असो, आतला गारवा तोच.

या गावात गास्तों युए नावाचा एक माणूस होऊन गेला. स्वतः वाईन करणारा. दुसऱ्या महायुद्धात पाच वर्षं जर्मनांचा युद्धकैदी होता. परत आला, बाग पुन्हा उभी केली आणि १९४७ पासून १९८९ पर्यंत गावचा महापौर राहिला. त्याच्या काळात पॅरिसहून तूरकडे येणाऱ्या अतिवेगवान रेल्वेचा मार्ग आखला गेला, तो नेमका वूव्रेच्या बागांमधून. युए आणि गाव अडून बसलं. शेवटी सरकारने बागांखालून बोगदा काढला. आजही ती गाडी वूव्रेच्या वेलींच्या खालून जाते.

हे वाचल्यावर मी बराच वेळ बडनेऱ्याचा विचार करत होते.

बडनेरा का, ते सांगते. १८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. त्यानंतर काही वर्षांतच जी.आय.पी. रेल्वेचे रूळ इकडे सरकू लागले आणि १८६७ मध्ये ते नागपूरपर्यंत पोचले. मुख्य लाइन अकोल्यावरून, मूर्तिजापूरवरून, बडनेऱ्यावरून गेली. अमरावती बाजूला राहिली, तिला नंतर शाखा मिळाली. खामगावलाही तशीच शाखा, ती १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने येऊन उघडली. एवढ्या आडगावी व्हाइसरॉय कशाला आला? कापसासाठी. रूळ कुठून जातील हे ठरवताना इथल्या कोणाला विचारलं नव्हतं आणि अडून बसायला इथे कोणी युएही नव्हता.

आता माझ्या डोक्यात घर करून बसलेली गोष्ट.

वूव्रे हे द्राक्षाचं नाव नाही, गावाचं आहे. बाटलीवर मोठ्या अक्षरात गाव लिहितात, द्राक्षाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. ज्याला कळायचं त्याला कळतं. आता मला सांगा, आपल्या गावाच्या नावाने एखादी वस्तू जगात विकली गेल्याचं कधी ऐकलंय?

मीही ऐकलं नव्हतं. पण विकली गेली आहे. लिव्हरपूलच्या कापूस बाजारात एकोणिसाव्या शतकात भावाचे जे तक्ते लागत त्यात 'ढोलेरा', 'ब्रोच', 'हिंगणघाट' यांच्या ओळीत एक नाव असे: 'ऊमरा'. इंग्रज अमरावतीला 'ऊमरावटी' लिहीत (आपली म्हातारी माणसंही उमरावतीच म्हणायची की!) आणि तिथून येणारा कापूस तो ऊमरा. म्हणजे लँकेशायरमधला गिरणीवाला ज्याला अमरावती नकाशावर दाखवता आली नसती, तो रोज सकाळी उठून तिचं नाव घेत होता.

त्या नावाचं सोनं झालं ते १८६१ नंतर. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरला कापूस मिळेना. मुंबईत भाव कित्येक पटींनी चढले. वऱ्हाडात ज्वारी मागे सरली आणि पऱ्हाटी पुढे आली. १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपलं, इकडे भाव कोसळले, मुंबईत सट्टेबाज आणि बँका बुडाल्या. वऱ्हाडचा शेतकरी मात्र पऱ्हाटीला बांधला गेला तो गेलाच. सारा रोखीत, कर्ज रोखीत आणि रोख देणारं पीक एकच. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात या काळ्याभोर जमिनीच्या मुलखात माणसं अन्नावाचून मेली. त्या काळातही गठाणी रेल्वेने जातच होत्या.

पण मला बोलायचंय ते नावाबद्दल. ऊमरा हे नाव वूव्रेसारखं का टिकलं नाही?

वऱ्हाडात तेव्हा कापसाच्या मुख्य दोन जाती होत्या, बनी आणि जरी. बनीचा धागा लांब, मऊ, बारीक सुताला चांगला. जरीचा आखूड आणि जाडाभरडा, पण झाड दणकट, उत्पन्न जास्त आणि सरकी काढल्यावर रुईचा उतारा जास्त. बाजारात मात्र दोन्हींच्या भावात पुरेसा फरक मिळत नव्हता. व्यापारी एकात एक मिसळत, दाबून गठाण बांधत आणि वर शिक्का तोच, ऊमरा. मग शेतकऱ्याने बनी कशासाठी लावायची? एकोणिसावं शतक संपेपर्यंत जरीने बनीला जवळजवळ हुसकावलं आणि ऊमरा म्हणजे आखूड धाग्याचा स्वस्त कापूस अशी त्या नावाची ओळख झाली. चांगल्या मालाचं नाव हळूहळू हलक्या मालाचं झालं.

भेसळ थांबवायला कायदा नव्हता असं नाही. मुंबई सरकारने १८६३ मध्येच कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा केला होता. मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी रिव्हेट-कार्नक नावाचा खास कॉटन कमिशनर होता, तो शुद्ध बियाण्यासाठी धडपडलासुद्धा. पण या सगळ्यामागे तक्रार होती ती लिव्हरपूलच्या खरेदीदाराची: आम्हाला कचरा, पाणी आणि सरकी मिसळलेला माल नको. बनी पिकवणाऱ्याला तिचे वेगळे पैसे मिळावेत हा त्या कायद्याचा हेतू कधीच नव्हता.

फ्रान्समध्येही भेसळ होतीच, उलट आपल्यापेक्षा जास्त. तिथल्या द्राक्षबागांवर आलेल्या संकटाचं पुढे सांगते, त्यानंतर तर कोणत्याही वाईनवर कोणत्याही गावाचं नाव चिकटवून विकत होते. पण तिथे बोंब मारली ती पिकवणाऱ्यांनी. १९११ मध्ये शॅम्पेनमध्ये बागाईतदारांनी दंगली केल्या, व्यापाऱ्यांची तळघरं फोडली. भेसळीविरुद्ध १९०५ चा कायदा झाला, तो पुरेना, मग १९३५ मध्ये जोझेफ काप्यू यांच्या पुढाकाराने सगळ्या देशासाठी पद्धत ठरली: गावाचं नाव कोणी लावायचं, जमीन कुठली, द्राक्ष कुठलं, एकरी उत्पन्न किती. डिसेंबर १९३६ मध्ये वूव्रेला तिच्या नावाचा हक्क मिळाला. म्हणजे आजूबाजूच्या ठराविक गावांतली, शेनँचीच वाईन असेल तरच वूव्रे. नाव गावाच्या मालकीचं झालं.

माझ्या मते सगळा फरक इथे आहे. जमीन, हवा, हुशारी यांच्यात नाही. तक्रार कोणाची ऐकली गेली, यात.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. संत्र्याचं बघा. वरूड, मोर्शी, शेंदुरजनाघाट हा सगळा संत्र्याचा पट्टा अमरावती जिल्ह्यातला, विदर्भात संत्र्याखाली सगळ्यात जास्त जमीन याच जिल्ह्यात. पण २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते कोणत्या नावाला? 'नागपूर संत्रा'. आमच्या वरूडच्या काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "असू दे ना बेटा, भाव नागपूरचा द्या म्हणा." त्यांचं म्हणणं योग्यच आहे, पण भावही मिळत नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

आता ते संकट. १८६३ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समध्ये वेली कारण नसताना वाळू लागल्या. १८६८ मध्ये प्लांशों नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी मुळं उपटून पाहिली, तर त्यावर डोळ्याला जेमतेम दिसेल असा पिवळा किडा. फायलोक्सेरा. अमेरिकेतून शोभेच्या वेलींबरोबर आलेला. पुढच्या वीस-तीस वर्षांत त्याने देशातल्या बहुतेक बागा खाल्ल्या, १८८० च्या दशकात ल्वारवरही पोचला. औषधं झाली, पाणी सोडून बागा बुडवून झाल्या. उपाय शेवटी सापडला तो असा की अमेरिकन रानवेलीची मुळं या किड्याला दाद देत नाहीत, तर मूळ अमेरिकन घ्यायचं आणि वर डोळा फ्रेंच बांधायचा.

आपल्याकडच्या माणसाला हे समजवायला एक मिनिट पुरतं. शेंदुरजनाघाटच्या नर्सऱ्यांमध्ये काय करतात? जंबेरीचा खुंट आणि त्याच्यावर संत्र्याचा डोळा. जंबेरीचं फळ कोणी खात नाही, पण झाड तिच्या जिवावर उभं. तसंच. आज वूव्रेतली जवळजवळ प्रत्येक वेल खाली अमेरिकन आणि वर शेनँ आहे. फ्रेंच लोक याची फारशी जाहिरात करत नाहीत. :-)

या कामात टेक्सासच्या टी. व्ही. मन्सन नावाच्या माणसाने फ्रेंचांना फार मदत केली, त्याला १८८८ मध्ये फ्रान्सने मोठा सन्मान दिला. आणि गंमत बघा, महाराष्ट्रातला द्राक्ष बागाईतदार आज जो 'डॉगरिज' खुंट लावतो, तोही याच मन्सनने निवडलेला. नाशिकच्या शेतकऱ्याला विचारा, डॉगरिज त्याला तोंडपाठ असतो.

शेनँ भारतात येण्याआधी एक वळसा घेऊन आली. डच लोकांनी दक्षिण आफ्रिकेत केपला १६५५ मध्ये वेली लावल्या आणि २ फेब्रुवारी १६५९ रोजी तिथली पहिली वाईन निघाली. तिकडे 'स्टीन' नावाचं एक पांढरं द्राक्ष पिढ्यान्‌पिढ्या सगळीकडे होतं. १९६० च्या दशकात तिथल्या अभ्यासकांच्या लक्षात आलं की स्टीन म्हणजेच शेनँ! आज शेनँ सगळ्यात जास्त फ्रान्समध्ये नाही, दक्षिण आफ्रिकेत आहे. म्हणजे नाव बदलून तीनशे वर्षं परदेशात नांदली आणि कोणाला पत्ता नाही. आपल्याकडे अशा आज्या घरोघरी आहेत.

महाराष्ट्रात द्राक्ष नवीन नाही. इब्न बतूताने चौदाव्या शतकात दौलताबादच्या द्राक्षांबद्दल लिहून ठेवलंय की तिथे वर्षातून दोनदा पीक येतं. हिवाळा कडक नसल्याने आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून तिची छाटणीही दोनदा करावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी. फ्रान्समध्ये द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडतात, आपल्याकडे वाईनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे तिकडे तळघरं भरलेली असतात तेव्हा आपल्याकडे नुकती छाटणी चाललेली असते.

वाईनचा आधुनिक उद्योग सुरू केला तो नारायणगावला शामराव चौगुल्यांनी, १९८० च्या दशकात. फ्रेंच तंत्रज्ञ आणून त्यांनी शॅम्पेनच्या पद्धतीची फसफसणारी वाईन केली आणि 'ओमर खय्याम' नावाने परदेशात विकली. मग नाशिकला राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये वेली लावल्या आणि २००० मध्ये सुलाच्या पहिल्या बाटल्या बाजारात आणल्या. त्यातली एक सोव्हिन्यों ब्लाँ आणि दुसरी आपली ही शेनँ. दोन्ही ल्वारच्या माहेरवाशिणी. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर, हिवाळ्यात रात्री गार, जमीन मुरमाड आणि खाली काळा पाषाण. शेनँ तिथे रमली. उत्पन्न चांगलं देते, आंबटपणा बराचसा टिकवते आणि थोडी गोडसर ठेवली तर आपल्या जेवणाशी जुळते.

२००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. अबकारी माफ, परवाने सोपे, विंचूर आणि पलूस येथे वाईन पार्क. नाशिक आणि सांगली. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, मार्च २००२ मध्ये, बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली आणि तो वऱ्हाडात पसरला. त्या दशकात वर्तमानपत्राच्या एका पानावर नाशिकच्या वाईन टूरचे फोटो असत आणि दुसऱ्या पानावर अमरावती-यवतमाळच्या आत्महत्यांचे आकडे. मला तेव्हा नाशिकचा राग यायचा, खरं सांगते.

राग निघण्यासारखी गोष्ट पुढे घडली, पण तिने बरं काही वाटलं नाही. २००८ च्या मंदीत आणि मुंबईवरच्या हल्ल्यानंतर वाईनची मागणी घटली, टाक्या भरून राहिल्या. नारायणगावची ती पहिली कंपनी कर्जात गेली आणि शेवटी अवसायनात निघाली. बऱ्याच शेतकऱ्यांनी वाईनच्या वेली उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. वाईनची द्राक्षं बाजारात नेऊन विकता येत नाहीत ना, बियांची, लहान, जाड सालीची. घेणारा एकच आणि त्याने नाही म्हटलं की संपलं. नाशिकच्या बागाईतदाराला त्या वर्षी जे कळलं ते वऱ्हाडी माणसाला १८६५ पासून माहीत होतं. आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटीलाही दाद दिली नाही, तेव्हा मला त्या पिवळ्या फ्रेंच किड्याची आठवण आली. फरक इतकाच की तिकडे सरकारने उपायासाठी बक्षीस लावलं होतं.

वऱ्हाडात शेनँ होईल का, हा मामांचा प्रश्न. अकोल्याला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि काळ्या भारी जमिनीत पावसाळ्यात पाणी साचतं. अवघडच आहे. चिखलदरा अकराशे मीटरवर आहे, तिथे इंग्रजांनी लावलेली कॉफी आजही होते, पण पाऊस फार आणि जमीन जंगलाची. त्यापेक्षा मामांचाच दुसरा मुद्दा मला जास्त पटला: "द्राक्षाची काहाले पाह्यजे? आपल्या मेळघाटातली मोहाची काय वाईट हाय?" कोरकू तिला सिडू म्हणतात. देवाला ठेवतात, लग्नाला लागते, मेल्यावरही लागते. फ्रेंच माणसाने आपल्या गावठीला नाव, हद्द आणि कायदा दिला. आपण आपल्या गावठीला पोलीस केस दिली.

इथे आत्या भुवया उंचावणार, मला दिसतंय. तर बोलूनच टाकू.

वऱ्हाडात वाईनवर लिहिणं सोपं नाही. गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे, १८७६ चा जन्म, आणि कीर्तनात दारूवर त्यांनी जितके कोरडे ओढले तितके कोणी ओढले नसतील. तुकडोजी महाराज यावलीचे, त्यांचा गुरुकुंज मोझरीला. अमरावतीहून नागपूरला निघालात की आधी मोझरी लागते आणि थोडं पुढे तळेगाव, कारंजा. तो वर्धा जिल्हा, म्हणजे दारूबंदी. त्या पंचवीस-तीस मैलांत तुमच्या डिकीतली वूव्रे हा गुन्ह्याचा मुद्देमाल असतो. (चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. वर्ध्याची कायम आहे.) जानेवारी २०२२ मध्ये सरकारने किराणा सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा मोठा विरोध झाला आणि तो बारगळला. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळेल, असं त्याचं समर्थन होतं.

मला स्वतःला तो विरोध ढोंगी वाटला नाही. ज्या बाईने गावात आडवी बाटली करण्यासाठी मतदान घडवून आणलंय तिला 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे पुण्यात बसून मी सांगू शकत नाही. तिच्या घरात आलेली बाटली वूव्रेची नव्हती, पण बाटली होती. आणि वाईन ही दारूच आहे, बारा-तेरा टक्के अल्कोहोलची. गाडगेबाबांचा राग माणसाची रोजी घोटात जाते यावर होता आणि तो राग आजही लागू आहे. तरीही एखादं पीक, एखादं गाव आणि चारशे-पाचशे वर्षांची मेहनत समजून घ्यायला हरकत नसावी. ज्यांना प्यायची नाही त्यांनी नुसतं वाचावं. आत्या, तुमच्यासाठी आंबील आहेच.

आता जेवणाचं. तूरेनमध्ये शेनँबरोबर काय खातात? बकरीच्या दुधाचं चीज, लांबट, मधोमध गवताची काडी घातलेलं. नदीतले मासे लोणी-शिरक्याच्या सॉसमध्ये. आंबट वाईन स्निग्ध पदार्थाला कापते, एवढंच तत्त्व. ते घेऊन आपल्या ताटाकडे बघितलं की बऱ्याच गोष्टी जमतात.

तर्री, सावजी आणि हिरव्या मिरचीच्या ठेच्याजवळ कुठलीही वाईन नेऊ नका. अल्कोहोलने तिखट अजून पेटतं आणि लाल वाईन तर तोंडात कडवट होते. फार झालं तर नाशिकची थोडी गोडसर शेनँ, चांगली गार करून, पाटोडीच्या रश्शाशी झुंजू शकते, रस्सा घरचा आणि बेताचा असेल तर. पण खरी मजा गोळाभाताबरोबर. डाळीचे गोळे, वरून कडकडीत तेलाची हिंग-मोहरीची फोडणी, सोबत चिंचेचं सार. वाईनचा आंबटपणा आणि चिंचेचा आंबटपणा एकमेकांना ओळखतात. सांबारवडीलाही तीच चालते. (पुण्याच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. दर वेळी सांगावं लागतं.) गिला वडा दह्यामुळे जमेल असं वाटलं होतं, पण दही वाईनला फिकं पाडतं. कोरडी वूव्रे मिळाली तर ती भरिताबरोबर, वांगी मात्र गॅसवर नाही, तुराट्यांवर भाजलेली, वर कांद्याची पात आणि कच्चं तेल. त्या धुराला वूव्रेची साथ छान होते.

आमरसाबरोबर काहीही नको. आंब्यापुढे ती बिचारी पाणी वाटते. पुरणपोळीला मात्र उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड शेनँ घेऊन बघा, नाशिकला तीही करतात. जायफळ, तूप आणि तो मधासारखा वास... पोळी अर्धीच घ्यायची आणि वाईनही घोटभर.

बाटली फ्रीजमध्ये दोन तास तरी ठेवा, अकोल्यात असाल तर तीन. उघडल्यावर बूच लावून परत आत ठेवली तर दोन-तीन दिवस राहते. परवाना काढून ठेवा, आपल्या राज्यात प्यायलाही तो लागतो, आणि वाईनसाठी वय एकवीस पूर्ण हवं. मामांना मी गोळाभाताबरोबर अर्धा ग्लास दिला. त्यांनी हुंगलं, एक घोट घेतला, ग्लास उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "कैरीच्या पन्ह्यासारखी लागते." मग बाटली हातात घेऊन त्यावरचं गावाचं नाव चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं, "अन् शेतकऱ्याले कितीक भेटतात याच्यातले?"

ते शोधून सांगते म्हटलंय.